पिवळाधमक गूळ मागणं थांबवूया का? कोल्हापूरची गुऱ्हाळं आणि गुळवे

नदीकाठची

गूळ घेताना आपण सगळ्यात आधी काय बघतो? रंग. पिवळा, केशरी, लख्ख दिसला की दुकानदार काही बोलायच्या आत आपणच म्हणतो हा द्या, आणि शेजारी तांबूस तपकिरी ढेप असेल तर तिला हातसुद्धा लावत नाही, जुना असेल, करपलेला असेल असं परस्पर ठरवून मोकळे. पुण्यात मी हे कायम बघते. माझं सासर करवीर तालुक्यात, घरचा ऊस, शेजारच्या शिवारात गुऱ्हाळ, त्यामुळे मोसमात तिथे जाणं होतंच. आणि जितकं बघत गेले तितकं एक डोक्यात पक्कं होत गेलंय, की आपण शहरातली माणसं रंगाला पैसे देतो म्हणून तिकडे रंग बनवला जातो, आणि ज्याच्या हातात खरी करामत आहे त्या गुळव्याला, म्हणजे गूळ उतरवणाऱ्या कारागिराला, कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाहीये त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऊस घाण्यातून जातो, रस टाकीत येतो, तिथून काहिलीत. काहील म्हणजे चुलवाणावर बसवलेली भलीमोठी उथळ कढई, हजार लिटरच्या आसपास रस एका वेळी मावतो, आणि अशा एका खेपेला म्हणायचं एक आदण. खाली जाळ चिपाडाचा, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा उन्हात वाळवून तेच जळण, बाहेरून लाकूड आणायचं काम नाही. रस तापायला लागला की त्यात भेंडीचा चीक घालतात, रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात कुस्करली की जे बुळबुळीत पाणी निघतं ते. त्याने रसातला सगळा गाळ वर येतो, जाड काळपट मळी धरते, ती झाऱ्याने काढत राहायची. चुन्याची निवळी पण घालतात. मग दोन अडीच तास नुसतं आटवणं.

खरं बघायचं असतं ते शेवटच्या दहा मिनिटांत. फेस फुगून काठापर्यंत येतो, कोणीतरी चमचाभर तेल सोडतं, फेस बसतो. गुळव्या तोवर फारसा बोललेलाच नसतो, जाळ घालणाऱ्या जळव्याकडे बघून नुसता हात करतो, की जाळ कमी कर. मग फावड्याच्या टोकावरचा पाक गार पाण्याच्या भांड्यात सोडतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती भांड्याच्या काठावर मारतो. बद्द वाजली तर अजून थांब. टण्ण वाजली की एकदम ओरडतो, उतरवा! आणि पुढच्या मिनिटात काहील पाक निवायच्या वाफ्यात रिकामी. त्या क्षणाला पाक साधारण ११८ अंशांवर असतो. थोडा आधी उतरवला तर गूळ बसत नाही, पाघळतो, थोडा उशीर झाला की करपट वास येतो. आणि हे तो माणूस बुडबुड्यांचा आकार बघून, वासावरून आणि त्या गोळीच्या आवाजावरून ठरवतो, दिवसातून चार पाच आदणं, आणि प्रत्येक वेळी ऊस वेगळ्या रानातला असतो.

तर मला इथल्या लोकांकडून ऐकायचंय. तुमच्याकडे कुठला गूळ येतो, त्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं का, तुम्ही रंग बघून घेता का, आणि गुऱ्हाळवाले कोणी असतील तर त्यांनी मोकळेपणाने लिहा.

माजघर

फार चांगला विषय काढलास. आमच्या आई दिवाळीनंतर गूळ भरायच्या, नवा गूळ आला का असं वाण्याला विचारायच्या, आणि नख लावून चाखून घ्यायच्या. खारट लागला तर परत. रंगाचं त्या काहीच बोलायच्या नाहीत. सविस्तर नंतर लिहिते, स्वयंपाकातलं बरंच काही सांगण्यासारखं आहे.

शिवारातला

ताई, आमचं गुऱ्हाळ हाय, आज्ज्यानं चालू केलेलं. तुमी लिवलंय त्यातलं सगळं बरोबर हाय, आता आमची बाजू सांगतो, जरा मोठं हुईल.

एक टन ऊस गाळला की गूळ पडतो १०० ते १२० किलो, उसावर आणि रानावर हाय ते. आता समजा किलोला ४५ रुपये भाव धरला आणि ११० किलो पडला तर झाले ४९५० रुपये. ह्यातनं गुळव्या, जळव्या, घाण्यावरची माणसं, चिपाड पसरणारी बायामाणसं, तोडणी ओढणी, लाईटबिल, भेंडी, चुना, कापड, खोकी, अडत, हमाली, तोलाई सगळं जायचं. आणि भाव ४५ न धरता ३८ वर आला तर? कारखान्याला ऊस घातला की काटा झाला, बिल खात्यावर, दर आधीच ठरलेला. गुळाचं तसं न्हाई. आज सौद्यात काय निघंल ते नशीब. म्हणून पोरं म्हणत्यात कशाला चुलवाणाम्होरं अंग भाजून घ्यायचं, घाला कारखान्याला. आमच्याच पट्ट्यात माझ्या डोळ्यादेखत किती गुऱ्हाळं बंद पडली, चिमण्या तेवढ्या उभ्या हायत.

आता रंगाचं. सौदा कसा हुतो बघा. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघत्यात, तवापासनं मोसम चालू. रवे म्हंजे गुळाच्या मोठ्या ढेपा मांडलेल्या असत्यात, व्यापारी येतो, रव्याचा एक टवका काढतो, उजेडाला धरतो, रंग बघतो, कणी बघतो, बोली लागते. चव बघणारा एखादाच. एकाच रानातला ऊस, एकच गुळव्या, फक्त एका आदणात रंग उजळायची पावडर टाकली आणि दुसऱ्यात न्हाई, तर पावडरवाल्याला क्विंटलला चारपाचशे जास्त मिळत्यात. वडील म्हणायचे पावडर न्हाई म्हंजे न्हाई. ते अजूनबी टाकत न्हाईत आणि मीबी टाकत न्हाई, पण शेजाऱ्यानं टाकली म्हणून त्याला मी नावं ठेवणार न्हाई, त्याच्यावर कर्ज हाय, पोरीचं लगीन हाय.

आणि गुळव्याचं म्हणाल तर आमच्या गुळव्याला सगळी नाना म्हणत्यात. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. त्यांना रान सांगावं लागत न्हाई, रसाची पहिली मळी बघून सांगत्यात हा ऊस नदीकडच्या गाळाच्या रानातला, हा माळाचा, ह्याला युरिया जादा पडलाय, ह्याचा गूळ कडक हुणार न्हाई, जरा पुढं न्यायला पायजे. पण पावडर आली तवापासनं काय झालं, हुशार गुळव्या आणि नवशिक्या गुळव्या दोघांचा गूळ सारखाच पिवळा दिसाय लागला. मग मालक म्हणतो ज्याची मजुरी कमी त्यो घ्या. नानांच्या हाताखाली शिकायला आता कोणच न्हाई. त्यांचा स्वतःचा पोरगा एमआयडीसीत कामाला जातो.

जुनी_पेठ

थोडा इतिहास घालतो, राहवत नाही म्हणून.

कोल्हापुरात गुळाचा व्यापार असा रुजला त्यामागे राजर्षी शाहू महाराजांचा मोठा हात आहे. १८९५ साली त्यांनी शाहूपुरी पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी, व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या, तोवर आपल्या भागातला गूळ विकायला बाहेरच्या पेठांवर अवलंबून राहावं लागायचं. पुढे राधानगरीचं धरण त्यांनीच हाती घेतलं, पाणी आलं तसा ऊस वाढला. दुसरं म्हणजे लोखंडी चरक. आधी लाकडी घाणे, बैल जुंपलेले, रस बराचसा चोथ्यातच राहायचा. किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे नांगराबरोबर उसाचे चरकही बनायला लागले, त्याने या सगळ्या पट्ट्यातल्या गुऱ्हाळांचं रूपच पालटलं. म्हणजे हा उद्योग कुठल्या एका माणसाचा नाही, राजा, कारखानदार, शेतकरी, गुळव्या, अडत्या सगळ्यांनी मिळून उभा केलेला आहे, आणि तो आपल्या डोळ्यांसमोर आक्रसत चाललाय याचं फार वाईट वाटतं.

२०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आम्हाला वाटलं होतं आता दिवस बदलतील.

वाद_संवाद

जीआयचं काय झालं मग? दुकानात बघा, प्रत्येक पाकिटावर कोल्हापुरी लिहिलेलं असतं. कुठला तरी गूळ आणायचा, कोल्हापुरात पॅक करायचा, झालं काम.

आणि एक विरोधी मुद्दा मांडतो, राग मानू नका. हल्ली शहरात सगळे म्हणायला लागलेत की काळा गूळ म्हणजे शुद्ध, केमिकल फ्री, सेंद्रिय, आणि त्याला दुप्पट भाव देतात. पण काळा आहे म्हणून चांगला कशावरून? करपलेला गूळ पण काळा असतो. मळी नीट न काढलेला पण काळा असतो. खाऱ्या रानातल्या उसाचा पण काळपट पडतो. म्हणजे आधी पिवळ्याच्या मागे धावलो, आता काळ्याच्या मागे धावायचं, फरक काय पडला?

नदीकाठची

राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. अगदी बरोबर बोललात. मला काळा गूळ घ्या असं म्हणायचंच नाहीये. चांगल्या उसाचा, मळी व्यवस्थित काढलेला, वेळेवर उतरवलेला गूळ पावडरीशिवाय पण सोनेरी तांबूस येतो, मी पाहिलाय. एकाच गुऱ्हाळात सकाळचं आदण उजळ आणि संध्याकाळचं गडद असं होतं, कारण ऊस बदलला. रंग बदलता असणं हेच त्याचं खरं रूप आहे. वर्षभर, प्रत्येक पाकिटात, अगदी एकसारखा पिवळा रंग दिसतो तेव्हा मला शंका येते.

प्रयोगशाळा

अन्न तंत्रज्ञानात काम करते, गुळावर थोडं काम केलेलं आहे म्हणून लिहिते.

उसाचा रस मुळात थोडा आम्ल असतो, सामू म्हणजे पीएच साधारण ५.२ ते ५.४. तसाच आटवला तर साखरेचं विघटन जास्त होतं, गूळ मऊ आणि चिकट राहतो. चुन्याच्या निवळीने सामू ६ च्या वर नेतात त्यामुळे कणी चांगली पडते आणि गाळ वर यायला मदत होते. पण चुना जास्त झाला की रंग लगेच गडद होतो. म्हणजे निवळी किती घालायची हा पण गुळव्याच्या अंदाजाचाच भाग आहे. भेंडीचा चीक गाळाचे बारीक कण एकत्र धरून वर आणतो, रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती अतिशय हुशार पद्धत आहे आणि त्याला पर्याय म्हणून जी तयार पावडर वापरतात तिच्यापेक्षा मला ती कितीतरी बरी वाटते.

आता ती "पावडर". गुऱ्हाळात तिला हायड्रॉस म्हणतात, सोडियम हायड्रोसल्फाइट. ती रंगद्रव्यांना तात्पुरतं फिकं करते, म्हणून गूळ पिवळा दिसतो. त्यातून गुळात सल्फर डायऑक्साइड राहतो, त्याची कायद्याने मर्यादा ७० पीपीएम आहे. दम्याच्या लोकांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो हे लक्षात ठेवा. गंमत म्हणजे हा रंग टिकत पण नाही. काही आठवडे हवा लागली की असा गूळ पुन्हा काळपट पडायला लागतो, बाहेरून आधी. म्हणून तर व्यापारी तो शीतगृहात ठेवतात.

साखरेचं वेगळंच आहे. साखर स्वस्त असेल आणि गूळ महाग असेल त्या वर्षी काहिलीत साखर विरघळवून गूळ बनवणारे वाढतात. तो फार टणक असतो, फोडला की आत चकाकणारे स्फटिक दिसतात, आणि तोंडात नुसता गोड लागतो, उसाचा वास येत नाही. इंटरनेटवर पाण्यात टाका, ॲसिड टाका असे बरेच प्रयोग फिरतात, खडू किंवा माती मिसळली असेल तर ती पाण्यात तळाला बसलेली दिसते इतपत ठीक आहे, पण साखर आणि हायड्रॉस घरी खात्रीने ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतच जावं लागतं.

शिवारातला

म्याडम साखरेचं बोललात बरं झालं. त्याच्यामुळं खऱ्या गुळाचा भाव पडतो. उसापासनं गूळ करायला आम्हाला जेवढा खर्च येतो त्याच्यापेक्षा कमी खर्चात साखरेचा गूळ हुतो. मग सौद्यात भाव त्यो ठरवतो. ह्यावर गूळ उत्पादकांनी किती आरडाओरडा केला, सौदे बंद पाडले. थोडे दिवस कारवाई हुते, परत तेच.

बडोदेकर

मी बडोद्यात राहतो, आजोबांपासून इथलेच, किराणा मालाचा व्यवसाय आहे म्हणून थोडं दुसऱ्या टोकाचं सांगतो. कोल्हापूरच्या गुळाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गुजरात आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इथे मोसमात माल उतरतो आणि शीतगृहात जातो, वर्षभर तिथून काढून विकतात. गुजराती घरात गोळ रोज लागतो, डाळीत, भाजीत, आणि थंडीत सुखडी म्हणजे गोळपापडी, उत्तरायणाची चिक्की. सुखडीला गूळ मऊ लागतो, तुपात टाकला की पटकन विरघळला पाहिजे, कणी लागली तर वडी तोंडात चरचरते. म्हणून इथली गिऱ्हाइकं मऊ आणि पिवळा गूळ मागतात, आणि रंगाबाबत फार चोखंदळ आहेत.

पण गेल्या काही वर्षांत बदल दिसतोय. देशी गोळ आहे का, केमिकल नसलेला आहे का असं विचारणारे वाढलेत, विशेषतः तरुण आया, लहान मुलांसाठी. मी एका ओळखीच्या गुऱ्हाळाकडून थेट आणायला लागलो, रंग प्रत्येक खेपेला वेगळा येतो, आणि सुरुवातीला गिऱ्हाइकं भांडायची की मागच्या वेळी असा नव्हता. मी त्यांना समजावून सांगतो, ऊस बदलला की रंग बदलणार. आता तीच माणसं फोन करून विचारतात नवीन माल आला का. दुकानदाराने दोन मिनिटं बोलायची तयारी ठेवली तर हा गूळ विकला जातो. आपल्यातले बरेच दुकानदार तेवढं करत नाहीत हे मात्र खरं.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे माडाचा गूळ होतो, माडाचें गोड म्हणतात, जवळजवळ काळा. रेंदेर म्हणजे माड काढणारे लोक माडावर चढून सूर, म्हणजे माडाचा गोड रस, काढतात, ती आटवून हा गूळ करतात, छोट्या मनोऱ्यासारख्या आकारात मिळतो. दोदोल ही आमची मिठाई करायची तर हाच गूळ लागतो, पिवळा गूळ घालून केलेलं दोदोल कोणी दोदोल म्हणणार नाही! पातोळ्यांच्या सारणातसुद्धा याची चव वेगळीच. इथे कधी कोणी या गुळाचा रंग उजळ करा म्हणालेलं नाही, काळेपणा हीच त्याची ओळख. आमची अडचण वेगळी आहे, माडावर चढणारी माणसंच उरली नाहीत. रेंदेराची मुलं बोटीवर गेली, परदेशात गेली. त्यामुळे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खरा माडाचा गूळ घेताना विकणाऱ्या बाईला आधी विचारावं लागतं की कुठल्या गावचा, कोणी केला.

म्हणजे तुमचा गुळव्या आणि आमचा रेंदेर, दोघांचं दुखणं शेवटी एकच.

टेम्सकाठ

इथे लंडनला कोल्हापुरी गूळ म्हणून पाकिटं मिळतात, सुबक, सगळी एकाच मापाची, एकाच रंगाची. मागे इंपोर्टरचं नाव मोठ्या अक्षरात. बनवणाऱ्याचं नाव एकाही पाकिटावर मला अजून दिसलं नाही. इथेच चीजच्या दुकानात गेलं की कुठल्या शेतावरचं, कोणी बनवलं, गाई कुठल्या जातीच्या हे सगळं लिहिलेलं असतं आणि लोक ते वाचून जास्त पैसे देतात. आपल्या नानांचं नाव पाकिटावर यायला काय हरकत आहे? मी तर पहिली घेईन.

माजघर

आता माझं सविस्तर.

गूळपोळीचं आधी. त्याला चिक्कीचा गूळ अजिबात वापरू नका. चिक्कीचा गूळ चिकट आणि ताणला जाणारा असतो, त्याची पोळी गार झाली की दात पडायची वेळ येते. साधा गूळ घ्यायचा, किसायचा, त्यात भाजलेलं बेसन, तीळ, खसखस, सुकं खोबरं, वेलची, आणि मळून एक रात्र तसाच ठेवायचा. गडद गुळाची पोळी जास्त खमंग लागते असा माझा अनुभव आहे, दिसायला तपकिरी दिसते, दिसू दे की. पुरणपोळीचं मात्र मी मान्य करते, तिथे घरातली वडीलधारी माणसं रंगावरून बोलतात, पिवळंधमक पुरण हवं असतं. मी हळद चिमूटभर जास्त घालते आणि गूळ माझ्या मनाचा घालते.

दुसरं गुळाचा चहा. दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतं दूध फाटलं, गूळ भेसळीचा आहे का. असं नसतं. गुळात थोडा आंबटपणा असतोच, उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध नासू शकतं. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग गूळ घाला आणि ढवळा. किंवा कपात गूळ घेऊन त्यावर चहा ओता.

तिसरं, पावसाळ्यात गूळ पाघळतो, ओल धरतो, म्हणून लोक घाबरून टाकून देतात. चांगल्या गुळाला पण ओल सुटते. काचेच्या नाहीतर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, आणि मोठी ढेप असेल तर एकदम फोडून ठेवू नका, लागेल तशी फोडा. बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला तरच टाकायचा.

आणि काकवी! काकवी, म्हणजे गुळाआधीचा पातळ पाक, तिच्याबद्दल कोणीच बोललं नाही. गरम भाकरी, तूप आणि काकवी यापुढे मला बाकी गोडधोड सुचत नाही.

शिवारातला

काकवीचं सांगतो ताई. ती गुळाच्या आधी उतरवायची, पाक १०५-१०६ अंशाला असतोय तवाच. नाना काकवीच्या आदणाला भेंडी जास्त घालायला लावत्यात, मळी बारीक काढायची, कारण काकवीत गाळ राहिला तर तळाला बसतो, लगेच दिसतो. काकवीला पावडर टाकून फायदाच न्हाई, लालसरच विकली जाती. म्हणून माझ्या मते ज्याला गुळव्याची खरी परीक्षा घ्यायची हाय त्यानं त्याची काकवी खाऊन बघावी.

उसाच्या जातीचं कुणी विचारलं न्हाई पण सांगतो. आमच्याकडं ८६०३२ लई, त्याचा गूळ चांगला हुतो. ९२००५ गुळासाठी चांगला म्हणून लावत्यात, रंग आपोआप उजळ येतो. आधी ६७१ हुता, लवकर तयार व्हायचा, साखर भरपूर. कोल्हापुरात गूळ संशोधन केंद्र हाय, महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, तिथली माणसं येऊन सांगत्यात कुठला ऊस लावा, निवळी किती घाला. म्हंजे पावडर न टाकता उजळ गूळ करायची वाट हाय. योग्य जात, युरिया कमी, ऊस पुरता पक्व झाल्यावरच तोडायचा, तोडल्या दिवशीच गाळायचा, मळी मन लावून काढायची. ह्याला कष्ट जास्त लागत्यात आणि येळ जास्त लागतोय, एवढंच.

जुनी_पेठ

२०१९ च्या महापुराचा उल्लेख राहिला. ऑगस्टमध्ये पंचगंगेने नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात घातली. कित्येक गुऱ्हाळांची चुलवाणं ढासळली, साठवलेलं चिपाड वाहून गेलं, ऊस कुजला. कुजलेल्या उसाचा गूळ होत नाही. २०२१ ला पुन्हा तेच. आधीच कडेला आलेल्या बऱ्याच जणांनी त्यानंतर चूल पेटवलीच नाही.

नदीकाठची

आमच्या शेजारचं गुऱ्हाळ त्यातलंच. दोन मोसम बंद होतं, मग भावकीतल्या तिघांनी मिळून चालू केलं.

सगळ्यांचं वाचून मला आता माझा प्रश्न थोडा वेगळा मांडावासा वाटतोय. रंग बघणं सोडा हे सांगून भागणार नाही, कारण मग माणूस विचारतो की बघू काय? तर माणूस बघा. बडोदेकर म्हणतात तसं एक गुऱ्हाळ धरा. कोण गुळव्या आहे, कुठला ऊस आहे, कधी गाळला, हे विचारा. चार घरांनी, एका सोसायटीने मिळून वर्षाचा गूळ मोसमात एकदम घेतला तर वाहतूक परवडते आणि गुऱ्हाळवाल्याला सौद्यातल्या टवक्यावर अवलंबून राहावं लागत नाही. त्याला किलोमागे पाच सात रुपये जास्त गेले तर जाऊ देत. आपण पिझ्झ्यावर किती घालवतो. आणि रंग कसाही आला तरी तक्रार करायची नाही, चव आणि वास नसेल तर मात्र जरूर करायची.

टेम्सकाठ, पाकिटावर गुळव्याचं नाव ही कल्पना मला फारच आवडली. शिवारातला, तुम्ही नानांना विचाराल का? त्यांची हरकत नसेल तर आमच्या सोसायटीच्या पहिल्या खेपेच्या खोक्यांवर त्यांचं नाव छापू, खर्च आम्ही करतो.

वाद_संवाद

हे पटलं. आमच्याकडून पण दहा किलो धरा. एक शंका, सोसायटीत वाटायला एकेक किलोच्या भेली, म्हणजे लहान ढेपा, मिळतात का, की तीस किलोचा रवाच घ्यावा लागतो? फोडायला कुऱ्हाड नाहीये आमच्याकडे.

शिवारातला

मिळत्यात की. अर्ध्या किलोपासनं एक, पाच, दहा किलो सगळी मापं हायत. पण माझं ऐकाल तर पाच किलोची घ्या, लहान भेलीला हवा जास्त लागती, लवकर ओल धरती. फोडायला कुऱ्हाड कशाला, वरवंटा बास.

नानांना ईचारलं आत्ताच, चुलवाणापाशीच बसल्यात. पहिल्यांदा म्हणाले माझं नाव कशाला, मालकाचं घाला. मग मी त्यांना तुमी सगळ्यांनी लिवलेलं वाचून दाखवलं. आता म्हणत्यात घाला, पण त्या खोक्यातल्या प्रत्येक आदणाला मी स्वतः हुबा राहणार, दुसऱ्याच्या हातचं माझ्या नावावर न्हाई चालायचं. आणि अजून एक म्हणाले, ऊस पुरता पिकू द्या, जानेवारीचा गूळ घ्या, दिवाळीला घाईनं मागू नका.

तर मंडळी आकडा कळवा कुणाला किती पायजे, म्हंजे मी रान राखून ठेवतो. पुण्याला टेम्पो भरतीनं येईल, कमीतकमी पाचशे किलो झालं पायजे. बडोद्याला वेगळी गाडी.

माजघर

आमचे वीस किलो. आणि काकवी दोन लिटर, विसरू नका.

बडोदेकर

माझं शंभर किलो लिहा, पाच किलोच्या भेली. आणि ऊस कुठल्या रानातला, कधी गाळला ते एका कागदावर लिहून खोक्यात टाका, मी दुकानात लावतो.